कुत्र्यासोबत गाण्यावर नाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं मी आणि माझी गावठी कुत्री ठकी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गाण्यावर सराव करतो. जिन्यात भेटणारे शेजारी, सुट्टीत आलेली भाचरं, पार्कात कुत्री फिरवणारी मंडळी, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा खेळ म्हणजे नेमकं काय?

माणूस आणि कुत्रा मिळून एका गाण्यावर बसवलेला कार्यक्रम करतात. त्यात चालणं असतं, गिरक्या असतात, पायांमधून जाणं, मागे सरकणं, वाकून नमस्कार करणं असतं. पट्टा नसतो. कार्यक्रम दीड मिनिटापासून चार मिनिटांपर्यंत चालतो.

याचे दोन प्रकार आहेत. पहिला 'हीलवर्क टू म्युझिक'; 'हील' म्हणजे माणसाच्या पायाशी लागून चालणं. यात कुत्रा बहुतेक वेळ तुमच्या अंगालगत असतो, पण नेहमीच्या ओबिडियन्ससारखा, म्हणजे आज्ञापालनाच्या प्रशिक्षणासारखा, फक्त डाव्या गुडघ्याशी नाही. तो उजवीकडे येतो, समोर येतो, पाठीमागे राहतो, आडवा उभा राहून तुमच्याबरोबर सरकतो, आणि हे सगळं पुढे, मागे, बाजूला, हव्या त्या दिशेने. दुसरा प्रकार 'फ्रीस्टाइल'. यात कुत्र्याला लांब जायची आणि करामती करायची मोकळीक असते. ब्रिटनमधल्या केनल क्लब या श्वान-संस्थेच्या नियमांत हीलवर्कच्या कार्यक्रमाचा किमान दोन तृतीयांश भाग हीलवर्कचा असावा लागतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये तो एक तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाही. युरोपात या सगळ्याला मिळून 'डॉग डान्सिंग' म्हणतात.

कुत्र्याला ताल कळतो का?

नाही. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, पण माझ्या मते खेळाची खरी गंमत इथेच सुरू होते. ठेक्याबरोबर स्वतःहून अंग हलवणारे प्राणी फार थोडे सापडले आहेत. स्नोबॉल नावाचा काकाकुवा त्यासाठी प्रसिद्ध आहे. अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याच्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. गाण्याची गती बदलली की तो आपली गतीही बदलत होता. कुत्र्यांमध्ये असं काही दिसलेलं नाही.

मग पाहणाऱ्याला कुत्रा तालात नाचतोय असं का वाटतं? कारण गाणंच कुत्र्याच्या चालीवर बेतून निवडलेलं असतं, आणि ताल धरायचं काम माणूस करतो. कुत्रा आपल्या अंगाकडे बघत असतो. आपण समेवर वळलो की तोही समेवर वळतो. त्याचं सगळं लक्ष आपल्याकडे आणि आपलं त्याच्याकडे, असं तीन मिनिटं सलग टिकणं, हे मला कुठल्याही करामतीपेक्षा मोठं वाटतं.

हे अस्वल किंवा माकड नाचवण्यासारखंच नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. दारात आलेलं दरवेशाचं अस्वल माझ्या आईच्या पिढीने पाहिलं आहे. नाकात वेसण, हातात दोरी, आणि ओढलं की दुखतं म्हणून उभं राहणारं जनावर.

फरक ओळखायची माझी एकच कसोटी आहे: त्या जनावराला नाही म्हणता येतं का? आमच्या सरावात ठकीला पट्टा नसतो आणि गच्चीचं दार अर्धवट उघडं असतं. तिला नको असेल तर ती खाली निघून जाते, आणि मी तिला परत बोलावत नाही. पहिल्या महिन्यात ती बरेचदा गेली. तेव्हा मला माझ्या शिकवण्यात काय चुकतंय ते शोधावं लागलं. दार बंद असतं तर ते मला कधी कळलंच नसतं.

नाचाच्या नावाखाली गळ्यात आवळणारी साखळी घालून कुत्र्याला शिकवणारे लोकही आहेत. ठकीच्या आधीच्या माझ्या कुत्र्याला एका प्रशिक्षकाने तशी साखळी लावली आणि मी ती लावू दिली. तो कुत्रा 'हील' उत्तम करायला लागला, पण मी पट्टा हातात घेतला की त्याची शेपटी पोटाखाली जायची. कोणी तुम्हाला साखळी, काटेरी पट्टा किंवा शॉकचा पट्टा सुचवला, तर तिथून कुत्र्याला घेऊन निघून या.

कायद्याने हे चालतं का?

घरी, गच्चीवर, मैदानात छंद म्हणून करायला काहीच अडचण नाही. तिकीट लावून लोकांसमोर प्राण्यांचे खेळ करायचे असतील, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० लागू होतो आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. त्याआधीच्या १९९१ च्या यादीत कुत्राही होता, नंतर तो वगळला गेला. वगळला म्हणून त्याला मारून शिकवायची मुभा मिळाली असं मुळीच नाही. क्रौर्याची कलमं त्यालाही लागू आहेतच.

हे सुरू कुठे झालं?

१९९० च्या आसपास दोन-तीन देशांत जवळजवळ एकाच वेळी. इंग्लंडमध्ये मेरी रे या ओबिडियन्सच्या नामवंत प्रशिक्षक होत्या. रोजचं तेच ते चालणं त्यांनी संगीतावर बसवलं, आणि १९९२ साली क्रफ्ट्स या मोठ्या श्वान-प्रदर्शनात त्याचं प्रात्यक्षिक झालं. पुढे अनेक वर्षं त्यांचा कार्यक्रम हे क्रफ्ट्सचं आकर्षण होतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये १९९१ साली या खेळाची पहिली संस्था निघाली. तिथल्या लोकांना कल्पना सुचली ती ड्रेसाजवरून, म्हणजे घोड्याकडून नेमक्या चाली करवून घेण्याच्या खेळावरून, कारण घोडेस्वारीत संगीतावरचे कार्यक्रम आधीपासून होते.

इंग्लंडचा भर कुत्र्याच्या नेमक्या, सफाईदार चालण्यावर राहिला, तर अमेरिकेत पोशाख आणि करामती जास्त आल्या. ही दोन वळणं आजही ओळखू येतात. मला स्वतःला इंग्लंडचं वळण आवडतं.

टीव्हीवर जिंकतात ती कुत्री बघून आम्हाला हुरूप येतो. तसं जमेल का?

ॲशली बटलर आणि तिचा पडसी यांनी २०१२ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकलं, आणि हा खेळ जगभर माहीत झाला. पडसी कुठल्याही शुद्ध जातीचा नव्हता. त्याच्यात बॉर्डर कोली, बिशों फ्रीझ आणि चायनीज क्रेस्टेड अशा तीन जाती मिसळलेल्या होत्या. २०२३ साली एड्रियन स्टोइका आणि त्याची हरिकेन यांनी 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' जिंकलं.

पण २०१५ ची गोष्टही लक्षात ठेवा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ज्यूल्स ओड्वायर आणि मातीस ही जोडी जिंकली. नंतर उघड झालं की दोरीवरून चालणारा कुत्रा मातीस नव्हताच, चेस नावाचा दुसरा कुत्रा होता. मातीसला उंचीचं वावडं होतं. प्रेक्षकांची दिशाभूल झाली असं तिथल्या प्रसारण नियामकाने ठरवलं. पडद्यावर दिसलं ते आपल्या कुत्र्याने केलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. मातीसला दोरीवर चढवलं नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणात बरं वाटलं.

कोणत्या जातीचा कुत्रा लागतो? आमचा गावठी आहे.

कुठलाही चालतो. स्पर्धांमध्ये बॉर्डर कोली भरपूर दिसतात, कारण मेंढ्या वळताना माणसाच्या इशाऱ्यावर नजर ठेवणं त्यांच्या रक्तातच आहे. लॅब्रॅडॉर खाण्यासाठी काहीही शिकतो. कारवान किंवा मुधोळ हाउंडसारखी शिकारी कुत्री लांबवर नजर ठेवून धावण्यासाठी घडलेली असतात. त्यांना तीच ती हालचाल दहा वेळा करायला लावलीत तर ती कंटाळतात. त्यांच्याकडून दोनदा करून घ्या आणि थांबा.

गावठी कुत्रा चलाख असतो, अंगाने काटक आणि लवचिक असतो, पण सावधही असतो. ठकीला नवीन वस्तूचा वास घ्यायला आणि तिच्याभोवती तीन चकरा मारायला वेळ लागतो. काठी घेऊन नाचायचं मनात आलं, तेव्हा ती काठी आठवडाभर नुसती गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली होती. रस्त्यावर काठ्या खाल्लेल्या कुत्र्याला ती काठी काय आठवून देते, याचा विचार आपणच करायला हवा. शेवटी काठीऐवजी ओढणी घेतली.

सुरुवात कोणत्या वयात करावी?

पिल्लू घरी आल्यापासून, पण खेळ म्हणून. नाव हाकारलं की बघणं, हाताला नाक लावणं, एका जागी फिरणं, इतकंच. उड्या आणि मागच्या पायांवर उभं राहणं मात्र हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत नको. लहान कुत्र्यांची वाढ साधारण वर्षभरात होते, मोठ्यांना दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. मोठ्या वयाचा कुत्राही शिकतो. ठकी आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती.

शिकवायचं कसं?

चार रस्ते आहेत आणि चारही एकमेकांत मिसळतात. नाकासमोर खाऊ धरून हालचाल करवून घेणं हा पहिला. कुत्रा आपणहून काही छान करतो तो क्षण टिपणं हा दुसरा, म्हणजे झोपेतून उठून आळस देताना तो पुढे वाकतो तेव्हाच 'नमस्कार' म्हणून खाऊ द्यायचा. तिसरा म्हणजे हाताला किंवा छोट्या चटईला स्पर्श करायला शिकवून तिथवर नेणं. चौथा म्हणजे हालचाल तुकड्या-तुकड्याने घडवणं: आधी एक पाय मागे गेला तरी खाऊ, मग दोन पाय, मग तीन पावलं. बरोबर क्षण सांगायला क्लिकर, म्हणजे दाबली की 'टक्' वाजणारी छोटी डबी, वापरतात. 'टक्' वाजलं की खाऊ नक्की मिळणार, हे कुत्र्याला एकदा समजलं की तो आवाजच सांगतो, 'हेच, हेच हवं होतं.' क्लिकर नसेल तर जिभेने टाळूवर 'टॉक्' करा. मी तेच करते.

पायांमधून नागमोडी जाणं सगळ्यांना आवडतं, म्हणून ते नीट सांगते. कुत्रा तुमच्या डावीकडे उभा आहे. उजवा पाय पुढे टाका आणि तिथेच थांबा. खाऊ धरलेला उजवा हात बाहेरून, उजव्या मांडीमागून फटीत आणा. कुत्र्याचं नाक त्या खाऊमागे फटीतून उजवीकडे येईल. आला की 'टॉक्' आणि खाऊ. आता डावा पाय पुढे, डावा हात डाव्या मांडीमागून, कुत्रा परत डावीकडे. तीनदा खाऊ दाखवून करा, चौथ्यांदा हात रिकामा ठेवा, हालचाल तीच, आणि खाऊ दुसऱ्या हाताने खिशातून काढून द्या. हे न केल्यामुळे बरेच जण अडकतात: सहा महिन्यांनीही हातात चिकनचा तुकडा असेल तरच कुत्रा हलतो. पाय उचलून चालत चालत करणं सर्वांत शेवटी. घाई केलीत तर त्याच्या पंजावर तुमचा पाय पडतो, आणि एकदा पडला की तो फटीपाशी येऊन थबकतो. त्यातून बाहेर यायला ठकीला तीन आठवडे लागले होते.

एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. दिवसातून दोन-तीनदा केलं तरी चालेल.

आज्ञा इंग्रजीतच द्यायच्या का?

कुत्र्याला भाषेशी देणंघेणं नाही. आमच्याकडे 'गिरकी', 'उलट', 'बोगदा', 'मागे', 'नमस्कार' असे शब्द आहेत. फक्त शब्द ऐकायला वेगवेगळे हवेत. पायांमधून जाण्याला मी आधी 'मधून' म्हणायचे, आणि 'मागे' म्हटलं की ठकी पायांत शिरायची. दोन्ही शब्द 'म' पासून सुरू होतात. 'बोगदा' केल्यावर गोंधळ मिटला.

आणखी एक अनुभव सांगते. 'गिरकी' तिला पक्की येते अशी माझी खात्री होती. एकदा दोन्ही हातांत चहाचे कप होते, मी ताठ उभी होते आणि गमतीने 'गिरकी' म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. पुन्हा म्हटलं, तरी तशीच. मग सहज डावा खांदा खाली गेला आणि ती झर्रकन फिरली. दीड वर्ष ती माझा खांदा वाचत होती आणि मला वाटत होतं की ती शब्द ऐकतेय. कुत्रा शब्दापेक्षा अंग आधी वाचतो. इशारा नाचाच्याच हालचालीत लपवायची युक्ती याच्यातूनच निघते: प्रेक्षकांना आपण खांदा झुकवून नाचताना दिसतो, कुत्र्याला तोच 'गिरकी' असतो.

खाऊ कोणता द्यावा?

उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बोटाच्या पेराच्या पाव आकाराचे तुकडे. सरावाच्या दिवशी जेवण तेवढं कमी करा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात, ते कधीच नको. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकासुद्धा नको.

गाणं कसं निवडायचं?

आधी कुत्रा मोजा, मग गाणं शोधा. त्याला सरळ दुडक्या चालीने पळवा, आणि पुढचा उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा टेकतो ते कोणाला तरी मोजायला सांगा. चाराने गुणा. ठकीचे ३१ भरतात, म्हणजे मिनिटाला १२४. त्याच्या आसपासची लय असलेलं गाणं लावलं की काहीही न शिकवता ती तालात चालल्यासारखी दिसते. शाळेतल्या लेझीमचे मध्यम लयीतले ठेके या कामी छान पडतात. दादऱ्याच्या झोकात गोल फिरणं शोभतं. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग शक्यतो टाळा. गणपतीतल्या मिरवणुकीने आणि दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेली कुत्री त्या आवाजानेच कोपरा धरतात.

आवाज बेताचा ठेवा. गाण्यात एखादी जागा संथ असावी, म्हणजे कुत्र्याला धाप टाकायला वेळ मिळतो. व्हिडिओ टाकायचा असेल तर सिनेमातल्या गाण्याचा आवाज बरेचदा बंद केला जातो, हेही आधीच लक्षात घ्या.

मागच्या पायांवर चालवणं योग्य आहे का?

क्वचित, थोडा वेळ, आणि वेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, हाडं-सांधे बघितल्यावरच. कंबरेच्या सांध्याचा त्रास असलेल्या लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डला अजिबात नको. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांना मणक्याचा धोका असतो, त्यांनाही नको. ठकीच्या कार्यक्रमात ही हालचाल नाहीच आणि तिच्यावाचून काही अडलेलं नाही. गिरक्या दोन्ही बाजूंना सारख्या घ्या. मी वर्षभर फक्त डावीकडे शिकवत राहिले, आणि तिची एक बाजू आखडल्याचं वेटने मला दाखवलं.

जागा किती लागते? फ्लॅटमध्ये जमेल?

शिकवायला दहा बाय दहाची खोली पुरते. पण आपल्याकडची गुळगुळीत फरशी ही मोठी अडचण आहे. वळताना पाय सटकतो आणि गुडघ्याचा स्नायुबंध दुखावतो. जाड सतरंजीही सरकते, म्हणून खाली रबराची चटई घाला. नखं आणि पंजामधले केस कापलेले असू द्या. सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं चालवा.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापून थंड होतो. गच्चीच्या फरशीवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर मार्च ते जूनमध्ये सराव घरातच, पंख्याखाली करा.

मला नाचता येत नाही. चालेल?

चालेल. तालावर चालता आलं की पुरे. लोकांचं लक्ष कुत्र्यावर असतं, आणि आपलं काम त्याला दिसेल, उमगेल असं वागणं. लांब घेरदार ड्रेस किंवा साडी मात्र नको, कुत्र्याला पायांची हालचाल दिसली पाहिजे.

स्पर्धेत गुण कशाला मिळतात? भारतातून भाग घेता येतो का?

ब्रिटनच्या पद्धतीत तीन गोष्टी बघतात: कार्यक्रमात काय आहे आणि तो किती ओघाने जातो, हालचाली किती अचूक आहेत, आणि संगीताशी किती जुळतात. रिंगणात खाऊ किंवा खेळणं नेता येत नाही. म्हणून सरावातच बक्षीस हळूहळू लांबवत न्यावं लागतं: आधी दोन हालचालींनंतर, मग पाच, मग अख्खं कडवं झाल्यावर.

पुण्या-मुंबईत ओबिडियन्स शिकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातला मारझोड न करणारा निवडा आणि नाच स्वतः बसवा. घरबसल्या करण्यासारखा एक चांगला मार्ग म्हणजे 'रॅली-फ्री'. ज्युली फ्लॅनरी यांनी रॅली (पाट्यांवरच्या सूचनांप्रमाणे चालण्याचा कुत्र्यांचा खेळ) आणि फ्रीस्टाइल एकत्र करून तो घडवला. पाट्यांवर दिलेल्या हालचाली क्रमाने करायच्या असतात, आणि व्हिडिओ पाठवूनही किताब मिळवता येतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी मार्चमध्ये बर्मिंगहॅमला क्रफ्ट्स जरूर बघावं.

कुत्रा मध्येच जांभई देतो, जमीन हुंगत बसतो. आळशी आहे का?

नाही. ओठ चाटणं, जांभई, मान फिरवणं, अचानक अंग खाजवणं, जमीन हुंगणं, यांतून तो सांगतो की मला जड जातंय. त्याला नक्की येणारी एखादी सोपी गोष्ट करून घ्या, खाऊ द्या आणि थांबा. सतत भुंकत असेल तर बहुतेक वेळा आपले इशारे उशिरा किंवा अस्पष्ट येत असतात. मोबाइल उभा करून स्वतःचं चित्रण करा. पहिल्यांदा बघाल तेव्हा कुत्र्याकडे न बघता फक्त स्वतःकडे बघा.

कुत्रा म्हातारा झाला की बंद करायचं?

उड्या आणि झटपट गिरक्या बंद करा, बाकी चालू ठेवा. ठकी आता दहा वर्षांची आहे. गाणं १२४ वरून ९० च्या लयीवर आणलं आहे. 'बोगदा' तिला वाकावं लागतं म्हणून सोडून दिला. त्याच्या जागी ती समोर येते आणि हनुवटी माझ्या तळहातावर ठेवते, मी चार मात्रा मोजते, आणि मग आम्ही दोघी डावीकडे चालायला लागतो. परवा मला मोजताना चूक झाली, तिसऱ्या मात्रेलाच मी पाय उचलला. ती हललीच नाही. चौथी होईपर्यंत हनुवटी तिथेच होती.